अप्पांना सांगितलेली तिथी

हे मी अभयला सांगितलेलं नाही. अभय माझा नवरा. आत्ता तो शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे, आणि मी लॅपटॉप असा वळवून बसले आहे की तो अचानक आत आला तर पडदा त्याला दिसू नये. आईला नाही सांगितलं, बहिणीला नाही. मैत्रीण समजून तुम्हाला सांगते, असं म्हणणार होते — पण मैत्रिणींना तरी कुठे सांगितलंय?

मी मुळात भित्री. इथे ब्राउनश्वाइगला येऊन इतकी वर्षं झाली, जर्मनमध्ये भांडायलासुद्धा शिकले, पण टपालपेटीत सरकारी पिवळं पाकीट दिसलं की अजून दोन-दोन दिवस ते न फोडता ठेवते. लॅबमध्ये सगळे मला काटेकोर म्हणतात. काटेकोर कसली? चूक सापडेल म्हणून घाबरते, इतकंच. पण मी सांगतेय ती भीती वेगळी. ती येते आणि जात नाही.

अप्पांपासून सुरुवात करायला हवी. अप्पा म्हणजे माझे सासरे, पुण्यात असायचे. त्यांचे वडील युद्धाच्या आधी इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीला आले, नेमके ह्याच गावात. तेव्हा अप्पा आईच्या पोटात होते. काही दिवस पत्रं येत होती, मग युद्ध सुरू झालं आणि पत्रं थांबली. युद्ध संपलं तरी आली नाहीत. घरच्यांनी बारा वर्षं वाट पाहिली — शास्त्रात तसं आहे म्हणे — आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. कुणी दिला? अप्पांनीच. मुंज झालेला तो मुलगा, वडिलांना एकदाही न पाहिलेला. नदीवरून घरी आला तेव्हा आतल्या बायकांनी त्याच्या आईचं कुंकू पुसलेलं होतं. सकाळी जाताना होतं, परत आला तेव्हा नव्हतं.

हे अप्पांनी मला एकदाच सांगितलं होतं. मटार सोलत बसलो होतो आम्ही. म्हणाले, “अगं मीनल, ते गेलेच होते हे कुणाला ठाऊक होतं? समज, तेव्हा ते जिवंत असले तर?” आणि मटार सोलत राहिले.

गेल्याची तिथी माहीत नाही, म्हणून वडिलांचं श्राद्ध ते जन्मभर सर्वपित्रीला करत आले. तिथी न कळलेल्यांचा तो दिवस. आम्ही ह्या गावात राहायला आलो तेव्हा त्यांना फार आनंद झाला. दर फोनला शेवटी भीत भीत म्हणायचे, “तुला वेळ असेल तर बघ हं. तिथी मिळाली तर बरं होईल.” अभय हसण्यावारी न्यायचा. मीच मनावर घेतलं. चांगली सून व्हायची हौस — खोटं कशाला सांगू?

आणि इथे असं काही शोधणं सोपं असतं. माणूस घर बदलतो तेव्हा त्याची नगरपालिकेत नोंद होते, मग तो भाड्याच्या खोलीत राहणारा परदेशी विद्यार्थी का असेना. मी नगरपालिकेच्या अभिलेखागाराला मेल केला, नाव आणि जन्मगाव कळवलं. महिन्याभरात उत्तर आलं, कार्ड सापडलंय, येऊन बघा. मी दुपारची सुट्टी काढून गेले. तिथल्या बाईंनी ते जाड, तपकिरी कार्ड माझ्यापुढे ठेवलं. जुनं वळणदार अक्षर मला वाचता येईना, तेव्हा बाईच बोट ठेवून वाचून दाखवायला लागल्या. नाव बरोबर. गाव बरोबर. धर्म हिंदू. मग पत्ते. एक खोली, दुसरी खोली. मी आनंदात होते. युद्धातली सालं आली, पत्ता पुढे चालूच. युद्ध संपलं, पत्ता चालूच. मग विवाह. बायकोचं नाव जर्मन. मग एक मुलगी.

मृत्यूची तारीख सगळ्यात खाली होती. त्या साली मी शाळेत जात होते. म्हणजे मी पाढे म्हणत होते तेव्हा हा माणूस ह्या गावात ट्रामची वाट बघत उभा असायचा.

कार्डावरचा माणूस मला दिसतच नव्हता. मला दिसत होता नदीवरून परतणारा तो मुलगा. त्याला सांगायचं काय? तू पुतळा जाळलास त्यानंतर तुझा बाप तीस वर्षं जगला? तुझ्या आईचं कुंकू तू जिवंत माणसासाठी पुसायला लावलंस?

तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या की ह्या गृहस्थांची मुलगी इथेच असते, अधूनमधून येऊन चौकशी करते. तिचा पत्ता देता येणार नाही, डाटनशुत्स, म्हणजे खासगी माहिती जपायचा कायदा, पण तुमची हरकत नसेल तर तुमचा नंबर तिला देते. मी ‘या, या’ म्हणाले, म्हणजे हो, हो. इथे काही कळलं नाही की मी ‘या’ म्हणते. सही केली आणि बाहेर पडले.

आठवडाभर मी अप्पांचा फोन उचलला नाही. मग त्यांनी अभयच्या फोनवर केला, आणि अभयने कौतुकाने फोन माझ्या हातात दिला. “सापडलं का गं काही?” ह्या वयातही त्यांचा आवाज शाळेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखा. मी म्हणाले, हो अप्पा. युद्धात गेले. बॉम्बहल्ल्यात. कागद बरेचसे जळालेत, पण तेवढं कळलं. “तारीख?” — ह्याची मी तयारीच केली नव्हती. ह्या गावावर मोठा बॉम्बहल्ला झाला तो दिवस इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. तोच ठोकून दिला.

पलीकडे अप्पा रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, “म्हणजे मी चुकलो नाही गं. ते आधीच गेले होते.” गुरुजींना विचारून त्यांनी जुन्या पंचांगातून तिथी काढून घेतली, आणि त्या वर्षापासून श्राद्ध त्या तिथीला व्हायला लागलं. मी दिलेल्या तिथीला. नातेवाइकांना सांगायचे, मीनलने शोधून काढलं.

तुम्ही म्हणाल, अगं, मग बिघडलं काय? म्हाताऱ्या माणसाला समाधान मिळालं. हेच मीही स्वतःला सांगत आले. पण मी कबूल करायला बसले आहे ते हे नाही. हे सांगायला सोपं आहे. ह्यात मी वाईट दिसत नाही.

पुढचं लिहायला हात धजत नाही.

नंतर काही आठवड्यांनी रेनाटेचा फोन आला. ती मुलगी. सत्तरीची, निवृत्त नर्स. बेकरीत भेटू या म्हणाली. जायला नकोच होतं. पण गेले नाही तर ती घरी येईल, अभय दार उघडेल, ह्या भीतीने गेले. ती आधीच येऊन बसलेली. मला बघून उठली — आणि अप्पांचं नाक, अप्पांच्या भुवया, अप्पांची उठताना टेबलावर पंजा टेकायची सवय. मला पळून जावंसं वाटलं.

वडील भारताबद्दल फार बोलत नसत, ती सांगत होती. पण एक गोष्ट दर शरदात करत. तिला घेऊन ओकर नदीवर जायचे. सात खडे तिलाच वेचायला सांगायचे, ते काम घरच्या लेकीचं म्हणून. मग घरी येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. लहानपणी तिला तोंड बंद ठेवणं जमायचं नाही, हसू फुटायचं. घरी आल्यावर ते खडे ताटलीत मांडून वडील फुलं घालायचे, दूधभात दाखवायचे, आणि दोन दिवसांनी परत नदीत. तिने किती भारतीयांना विचारलं होतं! पंजाबी हॉटेलवाल्याला, तमिळ डॉक्टरला. कुणालाच माहीत नव्हतं. आता तिला वाटायला लागलं होतं की हे वडिलांनी तिच्यासाठी रचलेलं काहीतरी असेल. तिने मला विचारलं, “तुमच्याकडे कुठे असं करतात का?”

खड्यांच्या गौरी. अप्पांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खड्यांच्याच गौरी. इथे आल्यापासून मीच आणते — त्याच ओकरमधून, तशीच मुकाट्याने. त्या वर्षीचं विसर्जन करून महिनाही झाला नव्हता.

मी म्हणाले, “नाही. मी तरी कधी ऐकलेलं नाही.”

तिने मान हलवली. मग विचारलं, तुम्ही त्यांच्या घरच्या का? वडील सांगायचे की तिकडे तिच्याहून मोठं कुणीतरी आहे. भाऊ की बहीण, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी म्हणाले, नाही हो, एका ओळखीच्या गृहस्थांसाठी शोधत होते, आडनाव सारखं निघालं, आमच्याकडे हे आडनाव फार असतं. तिने कॉफीचे पैसे दिले. तुमचा वेळ घेतला, म्हणाली.

का केलं मी असं? अप्पांना जपायला? नाही. तिला हो म्हणाले असते तर ती अप्पांना फोन करणार, आणि माझी थाप उघडी पडणार. एवढंच होतं. अप्पा मला खोटारडी म्हणतील, अभय म्हणेल हे मला कळवावंसं वाटलं नाही? त्या दोन वाक्यांना मी घाबरले. दोन म्हातारी माणसं, एकमेकांशिवाय दोघांनाही दुसरं भावंड नाही, आणि दोघांच्या मध्ये मी.

त्यानंतर दर वर्षी मी ठरवायचे. यंदा अप्पांना सांगायचं. त्यांची अँजिओग्राफी झाली, मग ते पडले, मग ऐकू कमी यायला लागलं. कारणं मिळत गेली आणि मी ती घेत गेले. फोनवर आवाज जरा वेगळा लागला की मला वाटायचं, कळलं. दारावरची बेल वाजली की वाटायचं, ती आली. कुणीच येत नव्हतं. इतकी वर्षं ह्या घरात ती भीती फक्त मला माहीत आहे.

यंदा मार्चमध्ये अप्पा गेले. झोपेत. अभय पुण्याला गेला, मी मुलीच्या परीक्षेमुळे मागे राहिले. सुतक चालू होतं, तरी भाजी आणायला तर जावं लागतंच. ट्राममध्ये चढले आणि समोर रेनाटे. काठी आली होती हातात, पण नाक तेच. मांडीवर केकचा डबा, वर रिबिनीचं फूल. शेजारणीचा वाढदिवस होता. तिने मला लगेच ओळखलं, शेजारची पिशवी उचलून जागा केली.

मी बसले. तिने विचारलं, त्या तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना सापडलं का हो, जे शोधत होते ते?

मी म्हणाले, “हो. सापडलं.”

“किती छान,” ती म्हणाली. खरंच आनंद झाला होता तिला. माझ्या हातावर तिने हात ठेवला. तिचं स्टेशन आलं, तेव्हा तिचा डबा मीच धरून खाली दिला. खाली उभी राहून ती हात हलवत होती. तिचा भाऊ जाऊन आठवडाही झाला नव्हता. सुतक तिलाही होतं.

आता मी ट्राममध्ये चढण्याआधी खिडकीतून आत बघून घेते. ती दिसली, तर मागची ट्राम पकडते.