खरखरीचा कान

एक बोट वर, डोळे मिटलेले, उजवा कान टेपरेकॉर्डरला चिकटलेला. "गप बे. ऐकू दे." आमच्या गल्लीतले चाचा मला असेच आठवतात. तुम्हाला वाटेल, गाणं ऐकत असतील. छे! टेपमधून तव्यावर उलथणं घासल्यासारखी खरखर यायची. त्या खरखरीत म्हणे गेम भरलेला असायचा.

चाचांचं बीडमध्ये रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या भावाने आखातातून घरगुती कॉम्प्युटर आणला, तेव्हा मी कॉलेजात होतो. गेम कॅसेटवर. टेप कॉम्प्युटरला जोडायचा, नऊ मिनिटं खरखर ऐकायची, मग टीव्हीवर एक चौकोन उड्या मारणार. तोही नशीब असेल तर. एका सुट्टीत मी मोजलं होतं. एकवीस वेळा कॅसेट लावली, सहा वेळा गेम चालू झाला. उरलेल्या पंधरा वेळा आम्ही नुसते भिंतीकडे बघत बसलो. आज माझ्याच वयाचे लोक मोबाइलवर लिहितात, काय ते सोन्याचे दिवस! यांनी कधी मोजलं नसावं.

चाचांचा कान मात्र खरा होता. टेपमध्ये कॅसेट वाचणारं हेड असतं, त्याच्याजवळ बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवत ते ऐकायचे. खरखरीला धार आली की गेम चालणार. मध्येच ती बोथट झाली, की वर केलेलं बोट खाली यायचं. "गेलं बे, गेलं. गुंडाळ माघारी." ते कधी चुकले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी मला दुकानात बोलावलं. वडवणीच्या गिऱ्हाइकाचा रेडिओ त्यांनी दुरुस्त म्हणून परत दिला होता आणि तो शिट्टी मारत होता. गिऱ्हाईक चिडून गेलं होतं.

"बारीक आवाज ऐकू येईना आता," चाचा म्हणाले. "कुणाला सांगू नको." मग त्यांनी फळीवरून तो जुना कॉम्प्युटर काढला. "एकदा लावायचा हाय. स्क्रू मी फिरवतो, तू ऐक."

"मी कामून, चाचा? तुमचा पोरगा हाय की."

"तो मला बरं वाटावं म्हणून हो म्हणंल. तू लई खडूस हायस. नसलं तर न्हाई म्हणशील."

मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा म्हणालो, "थांबा. आली धार." ते थांबले. नऊ मिनिटं ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी घड्याळाकडे. मग टीव्हीवर चौकोन आला.

चाचा खेळले आणि खड्ड्यात पडले.

"चाळीस सेकंद," मी म्हणालो. "एवढ्यासाठी नऊ मिनिटं!"

"लई झाले बे," ते म्हणाले, आणि डोळे पुसत हसत राहिले.

या उन्हाळ्यात चाचा गेले. त्यांच्या मुलाने ते सगळं सामान माझ्याकडे आणून दिलं, म्हणाला, "तुमालाच कळतंय यातलं." मला काय कळतंय? भंगारात द्यायचं ठरवलं. देण्याआधी चालू आहे का, एवढंच पाहायला टेपमध्ये कॅसेट घातली. टीव्ही जोडलाच नाही. घरात कोणी नव्हतं. सहाव्या मिनिटाला खरखर बोथट झाली.

"गेलं बे, गेलं," मी म्हणालो, आणि कॅसेट माघारी गुंडाळायला लावली.