फकिराच्या हिरडीने पुसलेला पुरावा

बालाघाटच्या बसस्टँडवर एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडला की कोणाचं तरी तोंड फुटतं. गजेंद्र सेठच्या बसचं दार आतून उघडायच्या आधी पत्र्यावर दोन थापा मारायच्या. कारण बाहेर त्या दाराला टेकून फकिरा उभा असतो आणि सवारी बोलावत असतो. त्या सकाळी रजतने थापा मारल्या नाहीत. बस सुटायच्या आत वह्यांचं दुकान गाठून परत यायची त्याला घाई होती, कडी अडकली होती, म्हणून त्याने सरळ लाथ घातली. नेमका तेव्हाच फकिरा मागे वळला होता. दाराची कड त्याच्या तोंडावर बसली, तो कोपरावर आपटला, आणि हातातले गरम फुटाणे स्टँडभर उधळले.

रजत राजेगावच्या एका शाळेत मुलांना विज्ञान शिकवायला रोज याच बसने जातो. बल आणि त्याचा परिणाम हा धडा त्याने आदल्याच आठवड्यात शिकवला होता. आता परिणाम डांबरावर बसून रक्त थुंकत होता. "काका, फुटाणे मी आणून देतो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ज्याची हिरडी वरच्या दातांपासून सुटून लोंबतेय त्याला फुटाण्यांचं आश्वासन देणारा मास्तर बालाघाटनेही पहिल्यांदाच पाहिला असेल.

फकिराचं तोंड म्हणजे फकिराची रोजी. सेठची बस भरली तर त्याचं घर चालतं, आणि बस भरते ती त्याच्या आवाजाने. पण नुसत्या आवाजाने नाही. तो माणूस बघून हाक बदलतो. डोक्यावर गाठोडं असलं की "मावशी, टपावर नको, पायापाशी राहू दे" म्हणतो, नवं जोडपं असलं की खिडकीची जागा दाखवतो, आणि लांजीला जाणारा चुकून आला तर त्याला स्वतः पलीकडच्या बसपाशी नेऊन सोडतो, वर चार शब्द सुनावतो. स्टँडवरचे बाकीचे पोरगे कोणाचीही बॅग ओढतात. फकिराने आजवर कोणाची पिशवी ओढलेली नाही. तो तोंडाने ओढतो.

दातांच्या डॉक्टर नूतन बिसेन यांनी टाके घातले आणि बजावलं की पंधरा दिवस ओरडणं बंद, जोरात तोंड उघडणं बंद, आणि गुडाखू तर पूर्ण बंद. पहिल्या दोन गोष्टींवर फकिराने मान हलवली. तिसरीवर त्याचे डोळे मोठे झाले. रोज सकाळी बोटावर तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा घेऊन हिरड्यांना चोळल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नसे. त्यातून ड्रायव्हर पुनाराम कानाशी लागलेला, की जखमेवरच गुडाखू दाब, दुखणं बधिर होते.

डॉक्टर मग चिडून समजावायला लागल्या. हिरडीच्या आत धागे विणणाऱ्या पेशी असतात. तशा पेशी कातडीतही असतात, पण कातडीतल्या घाईने जाडजूड ठिगळ मारतात, आणि तेच ठिगळ व्रण म्हणून जन्मभर दिसतं. हिरडीतल्या पेशी निराळ्या. त्या सूज लवकर निवळू देतात आणि जुनी वीण होती तशीच नवी घालतात. वरून लाळ मदतीला असतेच. म्हणून तोंडातली जखम लवकर भरते आणि मागे खूण जवळजवळ राहत नाही. फक्त त्या पेशींवर तंबाखू चोळला की त्या लुळ्या पडतात. "तुम्हाला बरं व्हायचंय की बधिर?" असं त्यांनी विचारलं. फकिराने गुडाखूची डबी काढून रजतच्या हातात दिली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की रजतला ती डबी वह्यांच्या पिशवीपेक्षा जड वाटली.

फकिरा घरी गप्प बसला. त्याची बायको सत्यभामा सगळ्यांना सांगत होती, की लग्नापासून पहिल्यांदाच तिचं बोलणं पूर्ण ऐकलं जाऊन राह्यलं. पण फकिराचा खरा संताप अजून व्हायचा होता, आणि त्यालाही थोडाफार रजतच कारण. दिवाळीत त्याने फकिराच्या हाकांचा व्हिडिओ काढून स्टँडच्या ग्रुपवर टाकला होता. गजेंद्र सेठने त्यातला आवाज काढला, एक भोंगा आणला आणि फकिराच्या जागेवर खांबाला टांगला. दिवसभर तोच आवाज, तीच हाक: "राजेगाव-गोंदिया, गोंदिया-गोंदिया, चला मावशी, जागा हाय." मावशी समोर असो की शेळी असो.

दूध आणायला निघालेल्या फकिराने ते ऐकलं आणि रस्त्यातच थांबला. माणसाच्या पोटावर पाय देणारे पुष्कळ असतात, पण त्याचाच आवाज चोरून त्याच्याच पोटावर पाय ठेवणारा सेठ विरळा. ओरडायला तर मनाई. तो तसाच परतला, आणि दूध राहिलं म्हणून सत्यभामा बोलली तेही त्याने पूर्ण ऐकलं.

टाके निघाले, मुदत संपली, डॉक्टरांनी ओरडायला मोकळीक दिली. फकिरा कामावर आला तेव्हा भोंगा चालूच होता. अपघाताच्या सकाळी सेठ स्टँडवर नव्हता. तो म्हणाला, इतके दिवस कुठे होता, तिरोडीला दुसऱ्याच्या बसवर तर नव्हता? फकिराने तोंडाकडे बोट दाखवलं. सेठने मोबाईलची बत्ती लावली आणि भर स्टँडवर त्याचा ओठ वर करून आत डोकावला, बैलाचे दात पाहावेत तसा.

"इथं तं काहीच नाही," तो म्हणाला. "एकदम साफ."

आणि खरंच काही नव्हतं. रजतनेही वाकून पाहिलं. जिथे हिरडी फाटून लोंबत होती तिथे गुलाबी, ओली, गुळगुळीत हिरडी होती. तो सेठला पेशींबद्दल सांगायला लागला. सेठ म्हणाला, "मास्तर, तुमच्या पेशी शाळेत ठेवा. मले जखम दाखवा." फकिराने मग बाही वर केली. त्याच पडण्यात खरचटलेल्या कोपरावर काळपट, जाड वण उठला होता.

"हौ का? मंग तू कोपराने ओरडत होता काय, फकिरा?"

स्टँड हसला. पुनारामही हसला, ज्याने त्या दिवशी स्वतःच्या टॉवेलने रक्त पुसलं होतं. फकिराचा चेहरा लाल झाला. रजतला वाटलं, आता तो सेठच्या अंगावर जाणार. पण तो आधी आपल्या हिरडीवरच उखडला.

"हिच्यासाठी म्या गुडाखू सोडला. गुडाखू! अन् इनं माहा साक्षीदारच पुसून टाकला. अन् हा कोपर, ह्याले कोणी विचारत नाही, हा वण घेऊन मिरवून राह्यला." मग तो सेठकडे वळला. "जखम झालीच नाही म्हणता ना, सेठ? बरं. म्हणजे माहं तोंड तवाबी साबूत होतं. मंग साबूत तोंडाच्या माणसाचा आवाज खांबाले काहून टांगला?"

सेठने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी भोंगाच बोलला: "गोंदिया-गोंदिया, चला मावशी."

तेवढ्यात गोदाबाई आली. दर आठवड्याला लेकीकडे गोंदियाला जाणारी म्हातारी. ती समोर उभ्या सेठच्या बसची पायरी चढायला लागली. ती बस त्या दिवशी राजेगावपर्यंतच जाणार होती, पुढे पुलाचं काम निघालं होतं, आणि गोंदियाला लांबच्या रस्त्याने दुसरी बस जाणार होती; भोंग्याला ते कोण सांगणार? फकिराने पोटातून हाक दिली, इतक्या दिवसांची साठलेली: "गोदामावशी, उतर. ही राजेगावलेच मरते. तुही बस मागे हाय."

म्हातारी पायरीवर थांबली. खांबावरून एक फकिरा तिला चढ म्हणत होता, खालून दुसरा उतर म्हणत होता, आणि आवाज दोघांचा एकच. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. मग ती सेठलाच म्हणाली, "ज्याले तोंड हाय त्याचं ऐकते बापा. खांबासंग का मी मंग भांडाले जाऊ?" आणि ती उतरली. तिच्यामागे आधीच चढून बसलेले चार-पाच जणही उतरले, सेठच्या नावाने बोटं मोडत, कारण तेही गोंदियाचेच होते.

माफी वगैरे मागायची रीत सेठच्या घराण्यात नसावी. त्याने पुनारामला नुसती खूण केली आणि पुनारामने वायर उपसली. "चल, लाग कामाले," सेठ म्हणाला, जणू फकिराच इतका वेळ टंगळमंगळ करत होता. यावरही फकिरा बस सुटेपर्यंत धुसफुसत राहिला, आणि प्रत्येक हाकेच्या मध्ये सेठला काहीतरी ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटत राहिला.

रजत बसमध्ये बसला. फकिरा खिडकीपाशी आला. डबी परत मागेल या भीतीने रजतने पिशवी मागे सरकवली.

"डबी राहू दे तुह्यापाशी," फकिरा म्हणाला. "आता दातानं कडकबी चावता येते. माहे फुटाणे कुठं हाय, मास्तर?"

रजतने खिसे चाचपले, मग फुटाणेवाल्याच्या गाडीकडे पाहिलं, मग उठायला लागला. पण फकिराने पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि बस सुटली.