देवघेव : शून्य

विद्यापीठानं स्वतःच्या ग्रंथालयासोबत आमच्या तालुक्याच्या कॉलेजचं ग्रंथालयही क्लाउडवर घ्यायचं ठरवलं आणि आमच्या प्राचार्यांना घरात लग्न निघाल्यासारखा उत्साह चढला. पुस्तकं कपाटातच राहणार, त्यांची माहिती कुठल्याशा दूरच्या संगणकात जाणार आणि उमापुरात बसलेल्या मुलीलाही हवं ते पुस्तक आमच्याकडे आहे की नाही हे मोबाइलवर कळणार, एवढं मला समजलं होतं. मी देवघेव विभागात होते. म्हणजे पुस्तकं द्यायची, परत घ्यायची आणि फाटक्या पानांवरून मुलांशी भांडायचं.

मग कंत्राटदाराची माणसं आली. प्रत्येक पुस्तकात शेवटी तारखांचे शिक्के मारलेली एक चिठ्ठी असते, ते कितीदा बाहेर गेलं ते सांगणारी. या लोकांनी त्या चिठ्ठ्या टराटरा फाडल्या आणि त्याच जागी बारकोड चिकटवले. मी आरडाओरडा केला, तर प्राचार्यांनी मलाच गप्प केलं. आता नवीन सुरुवात, म्हणाले. झालं असं की प्रत्येक पुस्तकाखाली 'देवघेव : शून्य' दिसायला लागलं. मुलांनी वाचून वाचून ज्याच्या चिंध्या केल्या होत्या, त्याच्याखालीही.

उद्घाटनाला आमच्याच कॉलेजातून निवृत्त झालेले मराठीचे सर पाहुणे म्हणून यायचे होते. सर धारूरकडचे, मेंढपाळाच्या घरातले. मेंढरांमागे पायी हिंडून त्यांनी आपल्या माणसांच्या बोलीवर एक पुस्तक लिहिलं होतं, आयुष्यातलं एकुलतं एक. माणूस मात्र महा तिखट. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, आणि वर्गातही गावच्याच बोलीत सोलून काढायचे. आमचे प्राचार्य त्यांचेच विद्यार्थी, माझ्या कितीतरी आधीचे. भर वर्गात सर त्यांना म्हणाले होते, "तुला मेंढरं राख म्हणलो असतो, पर मेंढरांना बी अक्कल असलेला माणूस लागतो." हे मला कसं ठाऊक? प्राचार्य ते वाक्य स्टाफरूममध्ये अजून शब्दन्‌शब्द म्हणून दाखवायचे. सगळे हसायचे, तेही हसायचे, आणि डूख धरलेला माणूस कसा हसतो ते आम्ही बघायचो.

कार्यक्रमाच्या सकाळी रंगीत तालीम झाली. प्राचार्यांनी मला सरांचं पुस्तक शोधून दाखवायला सांगितलं. मी वाचकांचं पान उघडलं, तर ते म्हणाले, कर्मचाऱ्यांचं उघडा. वाचकांच्या पानावर देवघेवीचा आकडा दिसत नाही, आमच्या पानावर दिसतो. मी त्यांना सांगितलं की आत्ता सगळ्याच पुस्तकांखाली शून्य येतंय, चार लोकांत ते बरं दिसणार नाही.

"म्हणूनच," ते म्हणाले.

असल्या माणसाच्या हाताखाली मी नोकरी करत होते.

दुपारी सभागृह भरलं. सरांना शाल दिली, नारळ दिला. मग प्राचार्यांनी माइक हातात घेतला आणि गोड आवाजात सांगितलं की, गुरुवर्यांच्या ग्रंथाला आजवर किती वाचक लाभले ते आता आपण सगळेच पाहू. पडद्यावर सरांचं नाव आलं, पुस्तकाचं नाव आलं, खाली हातभर अक्षरांत शून्य आलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग पोरं हसली, आणि पोरांना गप्प करायच्या निमित्तानं प्राध्यापकही हसले. सरांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. मी उठले. हे खरं नाही, सगळ्यांचंच शून्य आहे, असं ओरडून सांगणार होते, तेवढ्यात राष्ट्रगीत लागलं. सगळे ताठ उभे राहिले. सरही उभे राहिले, नारळ छातीशी धरून, त्या शून्याच्या बरोबर खाली. माझा नुसता संताप संताप झाला. राष्ट्रगीत संपल्यावर चहासाठी झुंबड उडाली आणि तेवढ्यात सर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढत होते, तर सर पायरीवर बसलेले. रात्रभर झोपले नसावेत. आत आले, माझ्यासमोर बसले आणि वर्गात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात विचारलं, "पोरी, खरंच कुणी न्हाई?"

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. स्पर्धा परीक्षेचं ते फाटकंतुटकं पुस्तक शोधलं : शून्य. शब्दकोश : शून्य. प्राचार्यांनी लिहिलेलं गाइड शोधलं, तेही शून्य. चिठ्ठ्या कशा फाडल्या तेही सांगितलं. सरांचा चेहरा हळूहळू खुलला. त्यांनी प्राचार्यांना अशी एक अस्सल शिवी हासडली की मला धन्य वाटलं. आमच्या शिपायाला त्यांनी चहा सांगायला लावला. सिरसाळ्याच्या बाजारात त्यांना एक माणूस हाक मारून म्हणाला होता, 'तुमच्या पुस्तकात आमचे शब्द हायत म्हणं', तेही सांगून झालं.

चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "आण बरं ते. किती फाटलंय बघू. लई फाटलं आसंल तर बांधून देतो."

मी आत गेले. खालच्या फळीवर, भिंतीच्या बाजूला होतं ते. आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बाहीनं धूळ पुसली आणि मधेच उघडायला गेले. उघडलं नाही. छापखान्यातून आलेले कागद कडेला कापायचे राहून गेले होते आणि पानं एकमेकांना जोडलेलीच होती. सरांनी पुढं उघडून पाहिलं, मागं उघडून पाहिलं. दोन पानांच्या मधे बोट घालून आत डोकावून पाहिलं. सुरुवातीची चार पानं सोडली तर कुणाला वाचायचं म्हटलं तरी वाचता आलं नसतं.

मी म्हणाले, ही दुसरी प्रत असेल सर, वाचलेली प्रत वेगळी असेल.

"एकच प्रत हाय," सर म्हणाले. "मीच दिलती."