धबधबा दिसला का?

वर्ध्याला बाबांचं तडपत्री, दोर आणि प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान होतं. मृगाच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. पोळा झाला की मात्र दुकान सुस्तावायचं आणि बाबा गादीवर बसून पेपरातल्या जाहिरातीसुद्धा वाचून काढायचे. अशाच दिवसांत कॉलेजातली काही पोरं कॅम्पसाठी दोर घ्यायला आली. त्यांनी बाबांना काय काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवशी जेवताना बाबांनी जाहीर केलं, "आपुन चिखलदऱ्याले जाऊन राह्यलो. तंबूत राहू."

आईने हातातला घास ताटात ठेवला. "तंबूत काऊन जी? तिथले लॉज बंद पडले काय?"

"लॉजमंदी त कोणीबी राह्यते."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, भाऊ दहावीत. लग्नं आणि तेरव्या सोडून आम्ही चौघं मिळून कधी कुठे गेलेलो नव्हतो. भाऊ म्हणाला, "बाबा, तंबू ऑनलाइन भेटते." बाबांना ते फार लागलं. "मी जिंदगीभर तडपत्री इकली अन् तंबू दुसऱ्याकडून इकत घेऊ?"

तडपत्र्या शिवणाऱ्या माणसाशेजारी दोन-तीन दुपारी बसून त्यांनी स्वतःच तंबू बेतला. एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने पिवळा. वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर त्याची तालीम झाली, तेव्हा शेजारच्या काकूंनी खालून विचारलं, "कोनाचं लगन हाय वो?" आई लाजून आत गेली ती तंबू उतरेपर्यंत बाहेर आली नाही.

चिखलदऱ्याला जाताना वाटेत आष्टीला आत्या आमच्या गाडीत बसणार होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. फुपाजी, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून संत्र्याची बाग ती एकटीच बघत होती, आणि बाबांना अजूनही शाळकरी पोरासारखं रागवायची. आम्ही पोचलो तर ती एक भरलेलं पोतं घेऊन रस्त्यावर उभी.

"यात काय हाय ताई?" बाबांनी विचारलं.

"गवऱ्या."

"गाडीत गवऱ्या?" आई एकदम म्हणाली.

"मंग? डोंगरातल्या वल्ल्या लाकडावर रोडगे भाजतं काय तू?"

पोतं मागच्या सीटवर माझ्या आणि भावाच्या मध्ये बसलं आणि परतवाड्यापर्यंत आम्ही शेणाच्या कोरड्या वासात गेलो. त्यानंतर घाट लागला. आम्ही सपाटीवरची माणसं. आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. प्रत्येक वळणावर आई डोळे मिटायची आणि आत्या खिडकीतून मान बाहेर काढून, "पाय ना बापा, ढग खाली अन् आपुन वर," असं सारखं म्हणायची. थंड हवा आत आली की अंगावर काटा येई. सप्टेंबरात काटा, याचंच आम्हाला अप्रूप.

चिखलदऱ्याच्या अलीकडे, गावाच्या कडेला राहणाऱ्या एका दूधवाल्या कुटुंबाने त्यांच्या आवारात तंबू ठोकू दिला. म्हशींच्या गोठ्यापलीकडे थोडी गवताळ जागा होती. बाबांनी खुंट्या ठोकल्या, दोर ताणले, आणि तंबू एकदाचा उभा राहिला तेव्हा ते मागे सरकून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. आत्याने आत डोकं घालून पाहिलं. "गोदामासारखा वास येते," ती म्हणाली, पण झोपायला पहिली तीच आत गेली. त्याआधी गवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असं आमचं जेवण झालं. दूधवाल्यांच्या घरच्या बाईने वाटीभर रबडी आणून दिली. आईने ती चाखली आणि लॉजचं नाव पुन्हा काढलं नाही.

सकाळी जाग आली तर निळ्या तडपत्रीतून येणाऱ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे निळे दिसत होते. शिवणीतून रात्रभर पाणी ठिबकून भावाची उशी भिजली होती. बाबा म्हणाले, "दव हाय थे."

धबधब्याची वाट दूधवाल्याने अंगणातूनच हात करून दाखवली. टेकडी उतरायची, नाला ओलांडायचा, मग आवाज येईल तिकडे जायचं. बाबांनी दुकानातला एक जाड दोर खांद्यावर घेतला. आईने पोळ्या बांधल्या आणि पावसाच्या भीतीने सगळ्यांचे मोबाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोळ्यांच्या पिशवीच्या तळाशी ठेवले.

वाट सागाच्या झाडांतून उतरत होती. पानं आमच्या सुपाएवढी, आणि वाऱ्याने हलली की वरचं साठलेलं पाणी भसकन अंगावर. दगडांवर शेवाळ होतं. एका निसरड्या उताराला बाबांनी दोर झाडाला बांधला आणि आम्हाला एकेक करून खाली घेतलं. तडपत्रीच्या दुकानात मापं सांगणारे बाबा मला ठाऊक होते. "डावा पाय इथं ठेव, घाबरू नको, मी हाय," असं म्हणणारे बाबा मी पहिल्यांदा पाहत होते. नाल्यात आईची चप्पल वाहून चालली तेव्हा तेच पाण्यात उतरले, आणि चप्पल हातात धरून इतके खूश झाले की आई म्हणाली, "आता थे घालू द्या मले."

नाला ओलांडल्यावर आत्याचे गुडघे बोलू लागले. एक मोठा सपाट दगड पाहून ती बसली. "तुमी व्हा पुढं. मी इथंच बसते. आवाज येऊन राह्यला ना, बस झालं."

बाबांना ते पटलं नाही, पण तिच्यापुढे त्यांचं चालत नसे. आम्ही चौघं पुढे गेलो.

कड्यावर पोचलो तेव्हा समोर काहीच नव्हतं. नुसतं पांढरं धुकं. दरी कुठे सुरू होते तेही कळत नव्हतं. त्या पांढऱ्यातून मात्र असा आवाज येत होता की छातीत धडधडल्यासारखं वाटावं. धबधबा तिथेच होता, आमच्या समोर, आणि आम्हाला तो दिसत नव्हता.

"येईल दिसून," बाबा म्हणाले आणि मांडी घालून बसले.

आम्ही पोळ्या खाल्ल्या. लोणचं संपलं. धुकं आमच्या अंगावरून जायचं, पुन्हा दाटायचं. भाऊ कंटाळून दगड फेकू लागला. ते पडल्याचा आवाजही यायचा नाही. बाबा मात्र शांत बसून होते. दुकानात ते पाच मिनिटं एका जागी स्थिर नसत. इथे ते आईला विचारत होते, "थंडी वाजून राह्यली काय तुले?" आणि आपला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकत होते.

बऱ्याच वेळाने ते उठले. "ताईले घेऊन येतो. एवढ्या लांबून आली, तिच्याबिगर पाहणं बरं नाई." आणि दोर घेऊन झाडीत दिसेनासे झाले.

ते गेले आणि धुकं उघडलं.

सावकाश नाही, एकदम. खालून वारा आला आणि ते पांढरं वर उचललं गेलं. समोरच्या काळ्या कातळावरून पाणी पडत होतं, इतक्या उंचावरून की मध्येच त्याचा पिसारा होऊन वाऱ्यावर डोलत होता. शेजारी आणखी एक बारीक धार. खाली हिरवं, अतोनात हिरवं, आणि तळाशी पाण्याची फिरती वाफ. आई उभी राहिली. खांद्यावरचा टॉवेल गळून पडला, तिला पत्ता नव्हता. भाऊ दोन्ही हात वर करून ओरडला, "दिसला! दिसला!" मोबाइल काढायचं कोणालाच सुचलं नाही. आणि मग ते पांढरं पुन्हा खाली आलं, जसं काही झालंच नव्हतं.

थोड्या वेळाने झाडीतून बाबा आले. एका हाताने आत्याला धरलेलं, दुसऱ्या हातात तिच्या चपला. दोघंही घामाने आणि पाण्याने निथळत होते.

"दिसला का?" बाबांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "नाई जी. काईच नाई दिसलं."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आम्ही पुन्हा बसलो, पाचही जण. आत्याने पदराने तोंड पुसलं आणि त्या आवाजाच्या दिशेने हात जोडले. पण दुपार कलली तरी धुकं हललं नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "चला. आवाज त आयकला."

दुसऱ्या दिवशी आम्हाला निघायचं होतं. उजाडताना मला आईचा आवाज आला. ती बाबांचा खांदा हलवत होती. "उठा ना जी. आभाय मोकयं झालं. चला लवकर." ज्या बाईला गच्चीवरच्या तंबूची लाज वाटली होती, ती आता अनवाणी तंबूबाहेर जाऊन नवऱ्याला डोंगर उतरायला बोलावत होती. "पोरायले उठवू नका," असंही ती म्हणाली. मी डोळे मिटून पडून राहिले.

ते परत आले तेव्हा आत्या चुलीपाशी चहा करत होती. टेकडी चढून येणारे ते दोघं आधी मलाच दिसले. आईच्या डोक्याला बाबांचा टॉवेल, बाबांचे बूट त्यांच्याच हातात, आणि दोघं नखशिखांत भिजलेले. आई हसत होती. ओठ दाबून नाही, चांगली खळखळून.

"पाहून आले वाट्टे," आत्या म्हणाली आणि चहात आणखी दूध घातलं.

आष्टीपर्यंत बाबा आम्हाला धबधबा सांगत होते. पाणी कसं मध्येच फुटतं, शेजारी दुसरी धार कशी आहे, खाली वाफ कशी फिरते. भावाने विचारलं, "किती मोठा होता बाबा?" बाबांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात फाकवले आणि आई ओरडली, "अवो, गाडी!" मीही विचारत राहिले, मग काय झालं, मग काय दिसलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आत्या गेली. तिची संत्र्याची बाग आता तिच्या दिराचा मुलगा बघतो. मी लग्न होऊन नागपूरला, भाऊ पुण्याला. मागच्या पावसाळ्यात मी माहेरी असताना भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो पोराबाळांना घेऊन कुठल्याशा धबधब्यावर गेला होता, मागे गर्दी, गाड्या, मक्याची कणसं. बोलता बोलता त्याच्या तोंडून गेलं, "बाबा, चिखलदऱ्याचा आमाले पयल्याच दिवशी दिसला होता. आईनं नाई म्हणून सांगतलं."

आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"मालूम हाय मले," बाबा म्हणाले.

"म्हंजे?" आईने विचारलं.

"हा केवढ्यानं वरडला! नाल्यापर्यंत आवाज आला. ताई त मले म्हणे, पळ, पळ. मी म्हटलं, तुले सोडून कुठं पळू?"

"मंग बोलले काऊन नाई तुमी एवढे दिवस?"

"तू नाई म्हणली ना. मंग मी कसा हो म्हणू?"

आई रागावलीच. जुडी बाजूला सारून म्हणाली, "अन् गाडीत पोरायले सांगून राह्यले होते थे? लय नवलाचं तोंड करून?"

"तोंड काय करतो वो," बाबा म्हणाले. "मी त पयल्यांदाच पाह्यला होता ना."

तिकडे भाऊ फोनमध्ये हॅलो हॅलो करत होता. आई उठून आत गेली आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आली. पहिला कप तिने बाबांसमोर ठेवला.