बेचाळिसाव्या मैलाचे लव्हाळे

गिदोन भिंगारदिवे याच्याकडे रस्त्याचे तीन मैल होते: एक्केचाळीस, बेचाळीस आणि त्रेचाळीस. सरकारने मैलांचे किलोमीटर करून बरीच वर्षे झाली होती, नवे दगडही रोवले गेले होते. पण गिदोनचा हुद्दा मैलकुलीचाच राहिला आणि तो मोजायचाही मैलांतच. खड्डे बुजवायचे, बाजूपट्ट्या सारख्या करायच्या, मोऱ्यांतला गाळ काढायचा, लिंबाच्या रोपांना काट्यांचे कुंपण करायचे. खाकी सदरा, घमेले, खोरे, टिकाव, विळा आणि काठीला बांधलेले एक लाल फडके. बावीस वर्षे तो हे काम रोजंदारीवर करीत होता.

मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्यामुळे त्याचे अक्षर चांगले होते. बाकीचे मैलकुली केलेले काम मुकादमाला तोंडी सांगत आणि मुकादम लिहून घेई. गिदोनची कामाची वही मात्र गिदोनच लिहायचा. कचेरीत ती नमुना म्हणून इतरांना दाखवतात हे त्याला माहीत होते, आणि ते त्याला आवडायचे. पुढे जे घडले ते त्या वहीमुळेच घडले.

बेचाळिसाव्या मैलात हिवरवाडीचा ओढा रस्त्याखालून जातो. तिथे इंग्रजी अमदानीतला तीन कमानींचा दगडी पूल होता. पुलाच्या खालच्या अंगाला ओढा पसरतो आणि एकरभर जागेत लव्हाळे आणि पाणकणीस माजते. जामखेड तालुक्याच्या या भागात एकरभर ओली जमीन ही रोज दिसणारी गोष्ट नाही. तिथे पाणकोंबड्या असत, खेकडे असत, आणि लव्हाळ्याच्या कडेच्या वाळूत गावाचे झिरे असत. हाताने वाळू उकरायची, खळग्यात पाणी जमेपर्यंत बसायचे आणि नारळाच्या करवंटीने ते हंड्यात भरायचे. उन्हाळ्यात हिवरवाडीला जवळपास पिण्याचे दुसरे पाणी नव्हते. झिऱ्यांचा क्रम ठरलेला होता. सगळ्यांत वर गावाचे आणि सगळ्यांत खाली ख्रिस्ती वस्तीचा एक. तो क्रम कोणी लावला हे कोणी विचारत नसे.

खात्याचा हुकूम असा की दरवर्षी ऑक्टोबरात पुलाच्या दोन्ही अंगांना शंभर शंभर फूट तळ साफ करायचा, म्हणजे पुराचे पाणी तुंबत नाही. गिदोन ते लव्हाळे दरवर्षी मुळापासून कापायचा. चौसष्ट सालच्या ऑक्टोबरात त्याचा पाय मोडला आणि कापणी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात झिरे वैशाख संपेपर्यंत टिकले. एरवी ते फाल्गुनातच आटत आणि मग कोसभर लांबून पाणी आणावे लागे. पाय बरा झाल्यावर त्याने दोन वर्षे पुन्हा कापले, आणि दोन्ही वर्षे झिरे फाल्गुनात आटले. सदुसष्ट साली त्याने वरची बाजू साफ केली आणि खालच्या बाजूला विळा लावलाच नाही. पूर आला, लव्हाळे आडवे झाले, पूर गेल्यावर पुन्हा उभे राहिले. पुलाला काही झाले नाही, आणि झिरे पुन्हा वैशाखापर्यंत टिकले.

त्याने हे मुकादमाला सांगितले होते. मुकादम म्हणाला होता, "हुकूम बदलायला तू कोन आन मी कोन? कापलं म्हनून लिव आन मोकळा हो."

गिदोनने लिहिले. "दोन्ही बाजू शंभर फूट साफ केल्या. तळ मोकळा." सहा वर्षे, सुंदर अक्षरात, तेच वाक्य.

बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला. त्र्याहत्तरच्या जानेवारीत रस्त्यावरून दुष्काळी धान्याचे ट्रक धावू लागले आणि पुलाच्या मधल्या कमानीला हात जाईल एवढी भेग पडली. जुना पूल पाडून नवा बांधायचा असे ठरले. काम चालू असेपर्यंत वाहतुकीला वळणरस्ता हवा होता. फेब्रुवारीच्या एका सकाळी गिदोन पुलावर आला तेव्हा खाली लव्हाळ्याच्या मधोमध खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि खुंट्यांमधून चुन्याची पांढरी फक्की गेलेली होती.

झिऱ्यावर रंगुबाई बसली होती. साठीची बाई, दोन हंडे भरायला तिला दोन तास लागत आणि तेवढा वेळ तिचे तोंड चालू असे.

"गिदोन, ही फक्की कशाची रं? कुनाचं लगीन हाय? मांडव घालत्यात का हितं?"

"वळनाची हाय, रंगूआत्या. पूल पाडायचाय. तवर ट्रका हितनं जानार."

"हितनं? आमच्या डोक्यावरनं?"

"मुरूम टाकत्याल. खाली दगड, वर मुरूम."

रंगुबाईची करवंटी थांबली. "मंग आमी पानी कुठनं भरायचं? तुझ्या वहीतनं?"

तिला वहीतले काही माहीत नव्हते. गिदोनच्या लिहिण्यावर गावात सगळेच टोमणे मारत, तसा तिनेही मारला. पण वळणरस्त्याची रेघ पुलाच्या खाली का आली हे गिदोनला त्याच क्षणी कळले. आखणी करणाऱ्याने जागा पाहायच्या आधी कागद पाहिले असणार, आणि खालचा तळ मोकळा असल्याचा एकच कागद कचेरीत होता.

संध्याकाळी त्याने हे बायकोला, लिडियाला सांगितले. लिडिया भाकऱ्या थापत होती. महिन्याभरापूर्वी कायम होणाऱ्या मजुरांची यादी निघाली होती आणि तिच्यात गिदोनचे नाव नवव्या क्रमांकावर होते; हुकूम चार महिन्यांनी निघायचा होता. कायम म्हणजे आजारपणाची रजा, म्हातारपणी पेन्शन.

"चार म्हैने गप ऱ्हावा," ती म्हणाली. "बावीस वर्सानं नाव आलंय."

"चार म्हैन्यांत समदं पुरून जाईल. एकदा दगड पडला की लव्हाळं पुन्यांदा उगवत न्हाई."

"मंग खोटं लिवलंच कशाला तुमी?"

"खरं लिवलं असतं तर कापाया लावलं असतं."

लिडियाने भाकरी उलटली. मग म्हणाली, "आपला झिरा समद्यांत खाली. गढूळ पानी शेवटी आपल्याकडंच येनार." आणि थोड्या वेळाने, "उद्या जाताना धुतलेला सदरा घाला. मळक्या सदऱ्यात सायबापुढं जाऊ नका."

पुलाच्या कामावर कुलथे नावाचा ओव्हरसिअर आला होता. सव्वीस वर्षांचा, राहात्याकडचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. कागदाला पक्का. तो ओढ्याकाठी फाईल उघडून उभा असताना गिदोन त्याच्यापुढे गेला.

"साहेब, फक्की चुकीच्या जागी पडलीय."

"आखणी कचेरीतून आलीय, भिंगारदिवे. आणि तुमच्याच वहीवरून केलीय." कुलथेने फाईलमधली नक्कल दाखवली. "हे तुमच्या वहीतलं ना?"

"माझंच हाय."

"मग? तळ मोकळा, दरवर्षी साफ. आता हे डोक्याएवढं गवत कुठून आलं तेच मी बघतोय."

"खोटं हाय ते लिवलेलं."

कुलथेने फाईल मिटली. "किती वर्षं?"

"सहा."

"सहा वर्षं न केलेलं काम तुम्ही केलं म्हणून लिहीत होता?"

"व्हय साहेब. खालच्या कापनीचे दोन दिवस दरसाल मी त्रेचाळिसाव्या मैलात मुरूम टाकायचो. ते वहीत न्हाई."

कुलथेला हसू आले असावे, पण तो हसला नाही. त्याने पहार मागवली आणि फक्कीच्या रेघेवर रोवली. पाच फुटांची पहार जोर न लावता चार फूट आत गेली. ओढून काढल्यावर तिच्या टोकाला काळा चिखल होता आणि भोकात पाणी चढत होते. दहा पावलांवर रंगुबाई पाठ करून बसली होती. तिच्यापुढच्या खळग्यात करवंटीभर पाणी जमायला किती वेळ लागतो, हे कुलथेने घड्याळावर पाहिले. दीड मिनिट लागले.

"सोपं आहे," तो म्हणाला. "जमीन मऊ, भराव बसेल, असं मी लिहितो. तुमच्या वहीचा विषयच काढत नाही."

गिदोनने नकारार्थी मान हलवली. "नुसतं मऊ म्हनून लिवलं तर वरनं येईल, दगड वाढवून टाका. पानी हाय म्हनून लिवा साहेब. गाव पितंय म्हनून लिवा."

"पाणी आहे म्हणून लिहिलं तर विचारतील, वहीत तळ मोकळा कसा?"

"मंग त्येबी लिवा."

"तुमचं नाव यादीत आहे ना यंदा?"

"नववं हाय."

कुलथेने त्याला कोरा कागद दिला. गिदोनने पुलाच्या कठड्यावर कागद ठेवून जबाब स्वतः लिहिला. अकरा ओळींचा. तारखा, पाय मोडल्याचे साल, कोणत्या वर्षी झिरे कोणत्या महिन्यात आटले ते, आणि सहा नोंदी खोट्या आहेत हे. मुकादमाचे नाव त्यात नव्हते.

पंधरा दिवसांनी वळणरस्ता पुलाच्या वरच्या अंगाला नेण्याची मंजुरी आली. तिथे तळाला खडक होता. फक्त रस्ता फर्लांगभर लांबला. कंत्राटदाराचा मुकादम सहादेव याला ते अजिबात पटले नाही. "पानकोंबड्यांसाठी ट्रका फिरवायच्या," तो येईल त्याला सांगे. "उद्या बेडकांसाठी हार्न बंद करत्याल."

पण वळण हलवल्याने काम संपले नाही, हे मार्चमध्ये कळले. नव्या पुलाच्या पायासाठी खड्डे खणले तसे त्यांत पाणी भरू लागले आणि इंजिन लावून ते उपसावे लागले. सहादेवने पाइप बाजूच्या पडीक रानात सोडला. तिसऱ्या दिवशी झिरे मनगटभर खाली गेले. रंगुबाई इंजिनापाशी येऊन उभी राहिली.

"ए मुकादमा, तुझं यंत्र आमच्या हंड्यातलं पितंय."

"आजी, हे खड्ड्यातलं पानी हाय."

"खड्ड्यात काय तुझ्या सासऱ्यानं आनून वतलं?"

पाइप सरळ लव्हाळ्यात सोडावा तर पाण्यात पायाचा गाळ आणि सिमेंट. गिदोनने विहिरीचा गाळ काढताना करतात तसे केले. पुलाच्या खाली, लव्हाळ्याच्या अलीकडे दोन खड्डे एकापुढे एक खणले. पहिल्यात उपशाचे पाणी पडू द्यायचे आणि गाळ बसू द्यायचा. दोन्हींच्या मध्ये तुराट्यांच्या पेंढ्या आडव्या रचायच्या, दुसऱ्यात वाळू भरायची. त्यातून निघालेले पाणी लव्हाळ्यात जाईल. कडबा वापरता आला नाही. त्या साली कडबा जनावरांना मिळत नव्हता. सिमेंटची घमेली आणि थाप्या धुवायला रस्त्याच्या पलीकडे वेगळी टाकी ठेवली गेली. पहिला आठवडा गवंडी विसरत आणि ओढ्याकडे चालू लागत. गिदोन लाल फडके घेऊन मध्ये उभा राही. फडके ट्रक थांबवण्यासाठी होते. गवंड्यांनाही ते लागू झाले.

आठ दिवसांत झिरे पुन्हा मनगटभर वर आले. वैशाख सरेपर्यंत त्यांनी साथ दिली. नंतरचे तीन आठवडे गावाने टँकरवर काढले. शेजारच्या दोन गावांना टँकर होळीपासून चालू होता. झिऱ्यांचा क्रम त्या उन्हाळ्यातही बदलला नाही. ख्रिस्ती वस्तीचा झिरा सगळ्यांत खालीच राहिला.

मे महिन्यात गिदोनला मेमो मिळाला. खोट्या नोंदींबद्दल सक्त ताकीद, आणि कायम करण्याच्या यादीतून नाव पुढील आदेशापर्यंत वगळल्याचे कळवले होते. कुलथेने त्याच्या बाजूने एक पत्र लिहिले होते, त्याचा मेमोत उल्लेख नव्हता. लिडियाने त्याला तो कागद मोठ्याने वाचायला लावला, घडी घातली आणि बायबलात ठेवला. रंगुबाईला हे झिऱ्यावर समजले. ती एवढेच म्हणाली, "येडाच हाय," आणि त्या दिवशी लिडियाशी नेहमीपेक्षा जास्त बोलली.

नव्या पुलाचे काम हिवाळ्यापर्यंत चालले. जुन्या कमानींचे दगड काठ ढासळू नये म्हणून केलेल्या पिचिंगला वापरले. पण त्याआधी, ऑक्टोबरात, दरवर्षीचा हुकूम आला. कागद तोच, मजकूर तोच: दोन्ही बाजू शंभर फूट. नकाशात वळणरस्ता हलला होता, पण छापील हुकुमात बदल करायचे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. कुलथेची तोवर राजूरकडे बदली झाली होती.

गिदोनने दोन दिवस वरची बाजू साफ केली. तिसऱ्या दिवशी खात्याचा मुकादम वही न्यायला आला. पुलाच्या नव्या कठड्याला अजून ओल होती, म्हणून दोघे लिंबाखाली बसले. मुकादमाने नोंद वाचली: "वरची बाजू शंभर फूट साफ केली. खालची बाजू कापली नाही. खाली गावाचे पिण्याचे पाणी आहे."

"आरं, काय हे?" मुकादम म्हणाला. "येकदा नाव कटलंय तुझं. कापलं म्हनून लिव की. कोन बघाया येतंय?"

"बघाया कोनी येत न्हाई," गिदोन म्हणाला. "ह्येच्यावरनं नकाशे काढत्यात."

मुकादमाने वही पिशवीत घातली आणि सायकल काढली. चौऱ्याहत्तर सालच्या कायम मजुरांच्या यादीतही गिदोनचे नाव नव्हते.