मागच्या सीटवरचं पॅडल

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारा मी माणूस. लालबागच्या चाळीत वाढलोय, जिन्याखाली कोण बसतं वगैरे सगळं ऐकून झालंय, हसूनही झालंय. त्यामुळे हे वाचून मला हसायचं असेल तर हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा, आणि उत्तर असेल तर द्या... हात जोडून सांगतो.

गेल्या हिवाळ्यात माझी मोठी बहीण, सुनंदाताई, कराडहून चार दिवस राहायला आली. आई लवकर गेली, माझे शाळेचे डबे हिनेच भरले. तिला मुंबई दाखवायची म्हणून मी लिस्टच केली होती. राणीचा बाग, खोताची वाडी, हँगिंग गार्डन, आणि रविवारी सकाळी गिरगाव चौपाटीवर कयाकिंग.

"अरे पम्या, तू मला मुंबई दाखवतोयस की हजेरी घेतोयस?" ताई म्हणाली. पण कयाकचं नाव काढल्यावर खुलली. "कृष्णेत पोहलेली बाई आहे मी, मला काय भीती दाखवतोस!"

सातचा स्लॉट होता. त्या दिवशी संकष्टी. निघताना म्हणाली, "थांब रे, दोन घास खिचडी खाऊन घेते."

"येऊन खा गं, उशीर होतोय."

शुगरची गोळी मात्र तिने घेतली होती. हे मला नंतर कळलं. चौपाटीवर फॉर्म भरताना ‘काही आजार?’ या रकान्यात ‘नाही’ असं मीच लिहिलं, तिला न विचारता. शुगर काय, घरोघरी असते. एवढाच विचार केला मी. अक्कल गहाण टाकली होती!

दोघांची कयाक म्हणजे लांब, अरुंद होडी. मी पुढे, ताई मागे, प्रत्येकाकडे दोन पात्यांचं पॅडल. शिकवणारा रोशन म्हणून कोळीवाड्यातला माणूस होता. "सर, पुढच्याने रिदम द्यायचा, मागच्याने फॉलो करायचं. नायतर पॅडलवर पॅडल आपटतं. आणि काकू, तो केशरी बोया तरंगतोय ना, त्याच्या पुढे जायचं नाय हां." लाइफ जॅकेट घालून बसलं की पुढच्याला मागचा माणूस दिसत नाही. अख्खं अंग वळवलं तरच दिसतो, आणि तेवढ्यात होडी डुलते.

बोयापर्यंत मस्त गेलो. मागे कुणाची तरी कयाक उलटली, रोशन तिकडे गेला. मी म्हटलं, आलोच आहोत तर जरा पुढे जाऊ... माझी हौस, दुसरं काय.

परत वळलो तेव्हा पाचावर धारण बसली. ओहोटी लागलेली, वर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारं वारं. मी पॅडल मारतोय, मारतोय, आणि चौपाटी जवळ यायच्या ऐवजी लांब चाललीय. डाव्या हाताला मलबार हिलखालचे खडक, त्यांच्यावर पाणी फुटत होतं. तिकडे ओढले गेलो असतो तर संपलंच होतं.

"ताई, जोर लाव गं!" ती काही बोलली नाही. पण मागून पॅडल पडायला लागलं. माझ्याबरोबर, अगदी एका तालात. पॅडल वर आलं की त्याचे गार थेंब माझ्या मानेवर पडायचे. माझे खांदे पेटले होते. बाप्पाचं नाव घेत मी चक्क रडत होतो, छप्पन्न वर्षांच्या बहिणीला कुठे आणून ठेवलं म्हणून. मध्येच माझा ताल सुटायचा, तेव्हा मागचं पॅडल थांबायचं. मी सावरलो की पुन्हा सुरू. मला वाटलं, वा गं ताई, कृष्णेचं पाणी!

अर्ध्या तासाने होडीचा तळ वाळूला घासला. "जमलं गं!" असं ओरडून मी वळलो.

ताई मागे कलंडली होती. डोळे मिटलेले, घामाने चिंब, हात मांडीवर सैल. पॅडल नव्हतंच.

मी नुसता ‘शुगर आहे हिला’ म्हणून बोंबलत होतो. तेवढ्यात रोशनची कयाक मागोमाग लागली, त्याने धावत येऊन तिच्या हिरड्यांना ग्लुकोजची पावडर चोळली आणि टॅक्सी थांबवायला माणूस पिटाळला. त्याच्या होडीत ताईचं पॅडल होतं. "सर, हे बोयाजवळ तरंगत होतं. तुम्ही तिथून पुढे गेलात ना, तेव्हाच मिळालं. तुम्ही एकटे एवढं कसं काय खेचलंत?"

माझ्या टी-शर्टची पाठ मात्र ओली गच्च होती.

ताई वाचली. संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॉटवर हळूच म्हणाली, "बोयापाशीच हात गळाले रे माझे. पॅडल सुटलं. तुला हाका मारल्या, तू वळलाच नाहीस."

"ऐकूच नाही आल्या गं."

खोटं बोललो. एक हाक मला ऐकू आली होती. ‘पम्या...’ एवढीच. आणि मी वैतागून ओरडलो होतो, "बडबड नको, पॅडल मार!"

ते नंतर मारलं कुणी? लाट, वारा, मनाचे खेळ, सगळं धरून पाहिलं. त्या थेंबांचा हिशेब लागत नाही. लागेल असंही आता वाटत नाही.

त्या संध्याकाळी माझं खोटं ऐकून ताईने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "जाऊ दे रे, वाऱ्याने ऐकू आलं नसेल."