मोगरीवर ओतलेलं पाणी

बानं मोगरी जमिनीवर ठेवली. मी तिच्यावर पाणी ओतलं.

एवढंच घडलं. फोटोवाला म्हणाला, "रुकिए सर, एक और." म्हणून मी पुन्हा ओतलं.

बा म्हणजे माझा बाप, सुदाम. जबलपूरच्या एका मराठी संस्थेच्या कॉलेजात शिपाई होता. तिथल्या व्हरांड्यात पितळेची जाड थाळी टांगलेली आहे. तिला तास म्हणतात. वर्ग सुरू झाला, संपला, की लाकडी मोगरीनं तिच्यावर टोला द्यायचा. हे काम बाचं. अंगात ताप असला तरी बाचंच. मोगरीची मूठ झिजून झिजून त्याच्या तळहाताची झाली होती.

संस्थेचा अध्यक्ष बदलतो तेव्हा जुना अध्यक्ष ती मोगरी नव्याच्या हातात देतो. नवा एक टोला मारतो. त्या टोल्यापासून कारभार त्याचा. ऐकायला छान वाटतं. पण त्याच्या आधी आणखी काहीतरी होतं. शिपाई मोगरी जमिनीवर ठेवतो. हातात द्यायची नाही. ठेवायची आणि मागे सरायचं. मग नर्मदेचं पाणी तांब्यानं तिच्यावर ओततात, कोऱ्या पंच्यानं पुसतात आणि मगच उचलतात. याला म्हणतात मोगरीला पाणी देणं. का देतात ते कोणी सांगत नाही. सांगावं लागत नाही. आम्ही भंडाऱ्याकडून कामासाठी आलेले महार, गोहलपूरच्या गल्लीत राहणारे. संस्था चालवणारे मराठ्यांच्या अमदानीत इकडे चाकरीला आलेल्या घराण्यांतले. वर्षभर मोगरी आमच्या हातात असलेली चालायची. त्या एका दिवशी नाही.

मी त्याच कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागलो त्या वर्षी बापूसाहेब अध्यक्ष झाले. तरुण होते. सुधारक म्हणून नाव होतं. स्टेजवरून त्यांनीच जाहीर केलं, "या वेळी मोगरीला पाणी आपले नवे प्राध्यापक देतील. आपल्या सुदामचा मुलगा! बघा, काळ किती बदलला."

टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

मला वाटलं, मान मिळाला. आमच्यापैकी कोणाचाही हात त्या तांब्याला आजवर लागला नव्हता. माझा लागला. नवा कोट घातला होता मी. वाकलो तेव्हा समोर बाचे पाय दिसले. अनवाणी. चपला त्यानं कुठे काढून ठेवल्या होत्या, कोण जाणे.

"सुदाम, जरा मागे हो," बापूसाहेब म्हणाले. बा फोटोत येत होता.

बा मागे झाला. मी पाणी ओतलं. काय धुतोय ते मला कळत होतं. त्या वेळी कळलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. कळत होतं.

घरी आल्यावर बा जेवला. मग म्हणाला, "तुया हात कापून राहिला होता रे."

मी कोट काढून खुंटीला लावला.

"थंडी वाजून राहिली होती काय?"

मी म्हणालो, "हो."

त्यानं मान हलवली. "पाणी थंडंच असते ते," म्हणाला.

उन्हाळा होता.

एवढ्या मोठ्या आयुष्यात बानं मला एकच पळवाट दिली आणि मी ती घेतली. पुढे मला सगळं मिळत गेलं. विभागप्रमुख झालो. संस्थेच्या कार्यकारिणीत घेतलं. उपाध्यक्ष केलं. भाषणांत माझं उदाहरण देत. मी हसून हात जोडत असे. मुलीच्या लग्नात बापूसाहेब आले, तेव्हा मी त्यांच्यासाठी खुर्ची आणायला स्वतः धावलो.

बा गेला. शेवटच्या आजारपणात त्याची उजवी मूठ मिटलेली असायची. नर्स उघडायची, पुन्हा मिटायची. आत काही नसायचं. ती म्हणायची, "बाबाजी कुछ पकड़े हैं." मी खिडकीबाहेर बघायचो.

तेव्हापासून मला तास धड ऐकू येत नाही. टोला पडला की मला पाण्याचा आवाज येतो. लाकडावर पडणाऱ्या पाण्याचा. न्हाणीघरात बादली भरताना येतो. भर सभेत कोणी ग्लासात पाणी ओतलं की येतो. बायको विचारायची, "काहून असे थांबता मधेच?" तीही गेली. आवाज आहे.

तो फोटो सभागृहात लावलेला आहे. मी, तांब्या, बापूसाहेबांचा पुढे केलेला हात. कडेला खाकी बाहीचा एक तुकडा आलाय. तोच बा. तेवढाच.

यंदा बापूसाहेब पायउतार झाले. ऐकू कमी येतं, गुडघे गेलेत. जागेवर त्यांचा पुतण्या निनाद. कार्यकारिणीत फक्त विचारायचं म्हणून विचारलं, आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मग बापूसाहेब माझ्याकडे वळून प्रेमानं म्हणाले, "माझ्या वेळी पाणी तुम्हीच दिलं होतं. आता निनादच्या वेळीही तुम्हीच द्या. ज्येष्ठ आहात."

खरंच प्रेमानं. तेच जास्त भयंकर आहे.

मी हो म्हणालो. सवयीनं.

समारंभाच्या दिवशी मोगरी घेऊन किरण उभी होती. आता शिपाई ती आहे. आमच्याच जुन्या वस्तीतली, नवरा रिछाईच्या फॅक्टरीत. तिनं चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. वाकली, मोगरी जमिनीवर ठेवली आणि मागे सरली. फोटोवाला म्हणाला, "दीदी, थोड़ा और पीछे."

तांब्या माझ्या हातात होता. पाणी काठोकाठ भरलेलं. एक थेंब सांडत नव्हता.

मी तांब्या मोगरीशेजारी जमिनीवर ठेवला आणि मागे सरलो.

कोणाला काही कळेना. बापूसाहेब वाकून माझ्या कानाशी आले. "काय झालं? हात कापतोय का? वय झालं आपलं. कोणी दुसरा देईल."

पुन्हा तीच पळवाट. तेवढीच मऊ.

मी म्हणालो, "नाही. हात कापत नाही."

त्यांना ऐकू आलं नाही. मग मी मोठ्यानं बोललो, माईकशिवाय. "ही मोगरी माझ्या बापानं जन्मभर धरली. आता ही किरण धरते. त्यांच्या हाताचा स्पर्श धुऊन काढायला पाणी लागतं तुम्हाला. मागच्या वेळी ते मी ओतलं, बापासमोर. आज ओतणार नाही. तिच्या हातून घ्यायची असेल तर घ्या."

निनाद हसला. वाईट नाही तो. मराठी समजतं, बोलताना अडखळतो. "काका, ये तो बस रस्म है ना. कोणी असं मनात नाही आणत."

"मनात आणत नाही ना? मग घे तिच्या हातून."

त्यानं बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेबांनी खजिनदाराकडे. खजिनदारानं तांब्या उचलला, पाणी ओतलं, पंच्यानं पुसलं. बापूसाहेबांनी मोगरी दिली, निनादनं टोला मारला. टाळ्या पडल्या. पुढे समोसे होते.

काहीच थांबलं नाही. हे मी लपवत नाही.

व्हरांड्यात किरण फरशीवरचं पाणी पुसत होती. मला वाटलं, काहीतरी बरं बोलेल. माझी तशी अपेक्षा होती, हे लिहायला लाज वाटते. तिनं वर न बघता विचारलं, "सर जी, मंग तवा पाणी काहून टाकलं होतं?"

"भीती वाटली."

"आन् तुमच्या बाबांले काय वाटलं?"

तिनं फडकं पिळलं आणि ती गेली. पुढच्या वर्गाचा टोला द्यायची वेळ झाली होती.

संध्याकाळी निनादचा फोन. "काका, तुम्हाला त्रास होतो तर तो फोटो निकलवा देते हैं."

"फोटो काढायचा नाही," मी म्हणालो.

"मग? तुम्ही राजीनामा वगैरे..."

"तोही देणार नाही."

राजीनामा दिला तर त्यांना सोपं जाईल. हार घालतील, भाषणं करतील, नवा फोटो काढतील. मी उपाध्यक्ष आहे आणि राहणार आहे. प्रत्येक बैठकीत हा विषय काढणार आहे. लोक म्हणतील, म्हातारा बिघडला. म्हणू देत.

ओमतीतल्या पेंटरकडून एक पाटी रंगवून आणली आहे. त्यानं मजकूर वाचला आणि विचारलं, "बाबूजी, पक्का यही लिखना है?" मी म्हणालो, "पक्का." पाटीवर लिहिलंय: खाकी बाही सुदामची. या कॉलेजचा तास त्यानं वाजवला. त्याच्या हाताचा विटाळ धुणारा हा त्याचा मुलगा.

सोमवारी ती फोटोखाली लावायला मी जाणार आहे. खिळे, हातोडी घेऊन. स्टुलावर चढता येतं अजून. कोणी काढली, तर दुसरी रंगवून आणीन.